महादेवाला वाहिलेले क्रोकस

आमच्या हॅरोच्या घरात पुढच्या बागेतल्या फुलांवर दोन पक्षांची नजर असायची. एक आई आणि दुसरे देव. देव स्वतः कधी काही बोलत नसत. त्यांच्या वतीनं बाबा बोलायचे. बाबा हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. दिवसभर अनोळखी माणसांना गाढ झोपवायचं आणि सकाळी स्वतःच्या बायको-मुलीला घंटा बडवून उठवायचं, असा त्यांचा न्याय. देवघर जिन्याखालच्या कपाटात होतं. एका अंगाला गॅसचा मीटर, दुसऱ्या अंगाला व्हॅक्यूम क्लीनर, आणि मध्ये पाटावर महादेवाची पिंड, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि नाकाडोळ्यांनी पार झिजलेला एक पितळी गणपती. मागच्या भिंतीवरून बॉयलरचे पाइप जायचे, त्यामुळे अख्ख्या घरातली सगळ्यात ऊबदार जागा देवांना मिळाली होती. मी शाळेचे ओले मोजे गुपचूप त्या पाइपांवर वाळत टाकायची. ते बाबांच्या हाती लागले की त्या दिवशी आरतीपेक्षा माझा उद्धार मोठ्या आवाजात व्हायचा.

बाबा मूळचे वाईचे. लहानपणी पहाटे परडी घेऊन निघायचं आणि ऊन वर यायच्या आत फुलं खुडून आणायची, हे त्यांच्याकडचं काम. त्यामुळे दिवस उगवल्यावरही झाडावर राहिलेलं फूल त्यांना शाळा बुडवून हिंडणाऱ्या पोरासारखं दिसायचं. हे इथे काय करतंय, आत जाऊन कामाला का लागत नाही, असा चेहरा करून ते त्याच्याकडे बघत. थंडीभर मात्र त्यांना सुपरमार्केटच्या कार्नेशनवर भागवावं लागे. कार्नेशनची जुडी फ्रिजमध्ये दुधाच्या बाटलीला टेकून उभी असायची. बाबा एकेक फूल सोलून त्याच्या पाकळ्या सगळ्या देवांना पुरवून पुरवून वाहायचे. "देवांना रेशनवर ठेवलंय आपण," असं म्हणून ते आईकडे बघायचे. जणू इंग्लंडची हवा तिनंच माहेराहून आणली होती.

आई सांगलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. इथे आल्यावर तिच्या पदवीचं कुणाला काही पडलं नव्हतं. गल्लीत ती 'द डॉक्टर्स वाइफ' होती. पोस्टमनला, कोपऱ्यावरच्या केमिस्टला, माझ्या टीचरनासुद्धा. 'सुलभा' हे तिचं नाव फक्त बाबा घेत, तेही चष्मा सापडत नसला तरच. कुणी 'डॉक्टर्स वाइफ' म्हटलं की आई गोड हसायची आणि तिच्या कानाजवळची एक शीर टणकन उडायची. ते हसू लोकांना दिसायचं. शीर फक्त मला दिसायची.

शेजारच्या मिसेस हॉपकिन्स मात्र आईच्या मैत्रीण म्हणाव्या अशा होत्या. त्यांचा सगळा जन्म शाळेत मुलांना जेवण वाढण्यात गेलेला, त्यामुळे त्या कुणाशीही बोलताना 'संपव बघू सगळं' अशाच सुरात बोलत. एका ऑक्टोबरात त्यांनी कुंपणावरून आईच्या हातात कागदी पिशवी ठेवली. आत छोटे छोटे कंद होते, काही क्रोकसचे, काही स्नोड्रॉपचे. सगळी फुलं पांढरीच येणार होती. आईनं स्वयंपाकघरात एक कंद कांद्यासारखा उभा चिरला आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ. हे पान, हे पान, आणि मधोमध हे फूल. झोपलंय. अजून तीन-चार महिन्यांनी उठेल." मला ओला पांढरा ठिपका दिसला. आईला फूल दिसत होतं. तिचा तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. तो घरातला आवाज नव्हता, वर्गातला होता.

तिनं कंद लावले आणि दुसऱ्याच दिवशी खारींनी ते उकरायला घेतले. इथल्या करड्या खारी म्हणजे शेपट्या लावलेले दरोडेखोर. मिसेस हॉपकिन्सनी सांगितलं, मातीवर मिरपूड टाक. घरातली मिरपूड संपली होती, म्हणून आईनं आत्यानं वाईहून पाठवलेलं वर्षाचं लाल तिखट आणलं आणि रांगोळीची रेघ ओढावी तसं सगळ्या वाफ्यावर ओढलं. खारी एकदाच आल्या. त्यांनी पुढचे पाय नाकावर घासत कुंपणावरून मारलेली उडी मी अजून विसरलेले नाही. रात्री बाबांनी आमटीचा पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"सुलभा, तिखट?"

"बागेत आहे."

"बागेत काय करतंय?"

"पहारा," आई म्हणाली, आणि त्यांना आणखी भात वाढला.

त्या थंडीत आम्ही गुळचट आमट्या खाल्ल्या. बाबांनी आत्याला फोन करून कुजबुजत आणखी तिखट मागवलं आणि कारण विचारल्यावर "हवेनं मऊ पडलं" असं सांगितलं. खारींवर उधळलं हे सांगायची त्यांची छाती झाली नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचा सगळा तमाशा समजायचा नाही. आमच्या गल्लीतल्या बायकांचं एक गार्डन सर्कल होतं. हिवाळा संपता संपता एका शनिवारी त्या सगळ्या मिळून एकमेकींच्या पुढच्या बागा बघत फिरायच्या आणि कुणी नवी बाई सर्कलमध्ये येऊ पाहत असेल तर तिची बागही बघायच्या. मिसेस हॉपकिन्सनी आईचं नाव घातलं. शेवटचा शब्द मिसेस बॅरेट यांचा. त्या उंच, वाळक्या आणि कायम छत्री टेकत चालणाऱ्या. त्यांनी नुसतं एखाद्या झुडपाकडे बघितलं तरी झुडूप ताठ उभं राहतंय असं वाटायचं. सर्कलमधली प्रत्येक बाई एकदा आपल्या बागेबद्दल सगळ्यांसमोर बोलायची, स्वतःच्या नावानं. आईला एवढंच हवं होतं. भाकरी थापता थापता ती एकदा मला म्हणाली, "इतकी वर्षं झाली गं इथे. कुणीतरी एकदा 'सुलभा, सांगा' म्हणावं. मग बघ मी कशी सांगते ते." आणि भाकरी इतक्या जोरात तव्यावर पडली की मी दचकले.

फेब्रुवारीत स्नोड्रॉप वर आले, त्यांच्या मागोमाग क्रोकस, आणि बाबा परडी घेऊन बाहेर पडले. रोज सकाळी दोन-चार फुलं कमी व्हायची. आई आधी समजावून सांगू लागली, मग ओरडू लागली, मग सकाळच्या चहाचा कप घेऊन दारातच उभी राहू लागली. "ती बघायला लावलीयेत," ती म्हणायची. बाबांना हे वाक्य कळायचंच नाही. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच न समजल्याचा भाव असायचा. "बघून झाल्यावर?" ते विचारायचे. "बघून झाल्यावर त्यांचं काय करायचं?"

शेवटी तह झाला. बायका येऊन जाईपर्यंत पुढच्या बागेतल्या फुलांना हात लावायचा नाही. बाबांनी मान डोलावली. मग बायका यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी जेवताना त्यांची नजर भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर गेली आणि तिथेच राहिली.

"उद्या महाशिवरात्र आहे."

"मला माहीत आहे. साबुदाणा भिजवलाय."

"महादेवाला पांढरं फूल लागतं."

"फ्रिजमध्ये पांढरी कार्नेशन आहेत."

"फ्रिजमध्ये," बाबा म्हणाले. आणि असा चेहरा केला की कुणीतरी कैलासावर थंडगार दुधाची बाटली नेऊन ठेवलीय असं वाटावं.

शनिवारी ढग अगदी छपरांवर उतरले होते. आईनं पडदा सरकवून बघितलं. चेरीच्या झाडाखाली पांढरंशुभ्र पसरलं होतं, पण क्रोकस मिटलेले. क्रोकसला ऊन किंवा ऊब लागते, ती मिळाली नाही की तो पेन्सिलीसारखा टोक काढून उभा राहतो. "निदान पाऊस तरी नको," असं पुटपुटत आई स्वयंपाकघरात गेली. दाणे भाजल्याचा वास घरभर झाला, तुपात जिऱ्याची फोडणी चुरचुरली, रताळी शिजली. बायकांसाठी स्कोन, म्हणजे चहाबरोबर खायचे गोडसर छोटे पाव, केले होते. पण घरात उपास असल्यामुळे आईला त्यांची चव बघता येत नव्हती, म्हणून एकेक तुकडा माझ्यापुढे नाचवून ती विचारायची, "मीठ? नक्की मीठ नाही ना पडलं?" मी खाऊन खाऊन सुस्तावले होते. एवढ्यात बाबा नाइट ड्यूटीवरून आले, आंघोळ करून सोवळं नेसले, थंडी म्हणून वर थर्मल बनियन चढवलं आणि अगदी मांजराच्या पावलांनी पुढचं दार उघडलं. पूजा सुरू झाली. घंटा वाजली. रुद्र नेहमीपेक्षा जरा जास्तच खणखणीत म्हटला जात होता. आई उलथनं हातात घेऊनच पुढच्या खोलीत गेली आणि तिनं खिडकीतून बाहेर बघितलं.

चेरीखाली नुसती हिरवी पानं होती.

मी आयुष्यात बरीच भांडणं बघितलीत, काही केलीही आहेत. पण त्या दिवशी आई देवघरासमोर उभी राहिली तेव्हा उलथन्यावरून साबुदाण्याचा एक दाणा जमिनीवर पडला आणि तो पडल्याचा आवाज मला ऐकू आला, अशी शांतता मी पुन्हा अनुभवलेली नाही.

"अहो. हात लावायचा नाही असं ठरलं होतं."

"हात कुठे लावला? कात्रीनं कापली."

"सगळी?"

"पिवळी ठेवलीयेत की तुझ्या बायकांना," बाबा म्हणाले. ती पिवळी फुलं तर आईची नव्हतीच. एका खारीनं मिसेस हॉपकिन्सच्या बागेतून चोरून आमच्या कोपऱ्यात पुरलेला माल होता तो. "सुलभा, दारात घरची पांढरी फुलं असताना आजच्या दिवशी महादेवाला मी काय फ्रिजमधलं वाहू? तूच सांग."

आईनं उलथनं खाली ठेवलं. ती माझ्याकडे वळली. "पळत जा आणि मिसेस हॉपकिन्सना म्हणावं, येऊ नका. सांग, मला बरं नाही." मी बूट शोधत होते तेवढ्यात बेल वाजली.

दारात चार रेनकोट उभे होते. पाऊस भुरभुरत होता. सगळ्यात पुढे मिसेस बॅरेट, त्यांच्या खांद्याआडून मिसेस हॉपकिन्स आमच्या वाफ्याकडे बघत होत्या आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. मिसेस बॅरेट वाकल्या. त्यांनी छत्रीच्या टोकानं पानं बाजूला सारली. खाली कापलेल्या देठांच्या पांढऱ्या नळ्या दिसत होत्या. इथे बागेतलं काहीही गेलं की संशय पहिला स्लगवर, म्हणजे शंख नसलेल्या त्या बुळबुळीत गोगलगायीवर जातो.

"स्लग्ज?" मिसेस बॅरेटनी विचारलं.

"हजबंड," आई म्हणाली.

मागच्या दोन रेनकोटांपैकी एक फिस्कन हसला आणि लगेच खोकला. मिसेस बॅरेट हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा एकदा वाफ्याकडे बघितलं, माळ्यानं बघावं तसं. "पण फुलं होती खरी," त्या म्हणाल्या. "भरपूर होती. कुठे गेली?"

"देवाला," आई इंग्रजीत म्हणाली.  "आज आमच्या देवाचा दिवस आहे. आत आहेत. जिन्याखाली."

"बघू का?" मिसेस बॅरेट म्हणाल्या. "सकाळपासून इतक्या बागा बघितल्या. सगळे क्रोकस आपले मुठी आवळून बसलेत."

चौघींनी हॉलमध्ये वेलिंग्टन बूट काढले. मिसेस बॅरेटच्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि का कोण जाणे, तो बघून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली. त्या एकामागून एक जिन्याखाली वाकल्या आणि मग तिथून कुणी उठेचना. मी त्यांच्या कोपरांमधून डोकं घातलं. समई जळत होती. पिंडीवर अभिषेकपात्रातून थेंब थेंब पाणी पडत होतं, त्या पाण्यात आईचे क्रोकस ठेवले होते, आणि ते सगळेच्या सगळे उमलले होते. पार सपाट, बशीसारखे. आतले केशरी तुरे समईच्या उजेडात चमकत होते. त्यांच्याभोवती स्नोड्रॉपची कड. बाबांनी ती रचली होती, हे कबूल केलंच पाहिजे, फार देखणी.

"अशा हवेत," मिसेस बॅरेट हळूच म्हणाल्या. मग मान वळवून सोवळ्यातल्या बाबांकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टर, हे असे उघडतील हे तुम्हाला ठाऊक होतं?"

आणि बाबा, देव त्यांचं भलं करो, छाती पुढे काढून म्हणाले, "नॅचरली. द वॉर्म्थ ऑफ द लॉर्ड..."

"बॉयलर," आई म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिची ती शीर उडत नव्हती. तिनं पुढे होऊन पिंडीवरचं एक फूल उचललं. "अगं, वाहिलेलं फूल!" बाबा मराठीत किंचाळले. "प्रसाद म्हणून घेतलंय," आई मराठीतच म्हणाली, आणि मग बायकांकडे वळून इंग्रजीत सुरू झाली. तोच, तोच तो कंद चिरताना ऐकलेला आवाज. पाकळीला ऊब लागली की आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भरभर वाढते, म्हणून पाकळी बाहेरच्या अंगाला वाकते. गार पडलं की बाहेरची बाजू वाढते आणि फूल मिटतं. पाकळीला सूर्य माहीत नसतो, तिला फक्त ऊब कळते. तिनं फूल हॉलच्या थंड दारापाशी नेऊन धरलं, परत देवघराच्या पाइपापाशी आणलं. इंग्रजी सांगलीचं होतं, पण ते कुठे अडखळत नव्हतं. मिसेस हॉपकिन्सनी मध्येच काही विचारलं तर आईनं एक बोट वर केलं, थांबा, प्रश्न शेवटी. आणि उभा जन्म मुलांना दटावलेल्या मिसेस हॉपकिन्स निमूट गप्प बसल्या.

बोलणं संपल्यावर मिसेस बॅरेट म्हणाल्या, "माफ करा, आम्ही आजवर तुम्हाला फक्त डॉक्टर्स वाइफ म्हणत आलो. तुमचं नाव?"

"सुलभा."

"सुलभा," त्यांनी घोळवून घोळवून म्हणून बघितलं. "पुढच्या महिन्यात तुम्ही आमच्यासमोर बोला."

त्यानंतर काय झालं ते मला धड आठवत नाही, कारण मी स्कोनच्या ताटलीपाशी होते. एवढं आठवतं की मिसेस हॉपकिन्सनी साबुदाण्याच्या खिचडीचा घास घेतला, थांबल्या आणि दुखावल्यासारख्या म्हणाल्या, "म्हणजे टॅपिओकाचं असंही करता येतं? मी इतकी वर्षं दुधात शिजवून मुलांना रडवलं." बाबा सगळ्यांना एकेक रताळं वाढत होते आणि आपण वाचलो अशा समजुतीत होते. ते वाचले नव्हते. सोमवारी पोस्टमननं दारात त्यांना विचारलं, "सुलभाचे हजबंड ना तुम्ही?" बाबा आत आले ते तणतणतच. "या देशात मी इतक्या लोकांना भूल दिली," ते म्हणाले. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "गोड हसायचं," ती म्हणाली. "सवय होते."

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे मागच्या फेब्रुवारीत मी हॅरोला गेले होते. बाग आता ओळखू येत नाही इतकी भरलीय. कंदांनी चेरी ओलांडून फुटपाथपर्यंत मजल मारलीय. त्यातही एक गंमत आहे. फूल वेळीच कापलं तर बी धरण्यात जाणारी ताकद कंदाला मिळते आणि तो उलट पोसतो. पानं तेवढी राखायची. म्हणजे इतकी वर्षं बाबांनी चोरून केलेली कापाकापी बागेच्या पथ्यावरच पडली. आईला हे पहिल्यापासून माहीत होतं. तिनं ते बाबांना अजून सांगितलेलं नाही, आणि मी सांगितलं तर मला घरात घेणार नाही अशी ताकीद आहे. त्यांची भांडणंही पूर्वीसारखीच चालतात, फक्त दोघांना कमी ऐकू येत असल्यामुळे ती आता समोरच्या घरापर्यंत जातात.

सकाळी जाग आली ती आईच्या बोलण्यानं. खिडकीतून बघते तर ती बाहेर, अंगात बाबांचा जुना कोट, हातात कात्री, चेरीखाली वाकलेली. बाबांना गुडघ्यांमुळे आता वाकता येत नाही. ते दारात शाल गुंडाळून, परडी धरून उभे होते आणि सूचना देत होते.

"ते डावीकडचं घे. नाही, त्याच्या मागचं. ते जास्त टपोरं आहे."

"अहो, मला दिसतंय! कुणी लावलंय ते?" आई कापत होती आणि पुटपुटत होती. "अर्धी बाग खाल्ली या माणसानं माझी. अख्खा जन्म गेला राखण करण्यात, आणि आता मीच... आत जा तुम्ही, वारा लागतोय."

"तेवढं एक पाणी पडलेलं घेऊ नकोस. डागाळतं."

"आत जा म्हणते ना!"

समोरच्या घरात नुकताच राहायला आलेला एक तरुण कुत्रा घेऊन फिरायला निघाला होता. तो फाटकापाशी थांबला, भुंड्या झालेल्या देठांकडे बघून त्याला मनापासून वाईट वाटलं असावं.

"ओ नो," तो म्हणाला. "स्लग्ज?"

आई कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाली. तिनं दाराकडे बघितलं, परडीकडे बघितलं, हातातल्या कात्रीकडे बघितलं.

"नो," ती म्हणाली. "वाइफ."